मीटर पाच व्होल्ट दाखवतो, फोन मात्र चार्ज होत नाही



मागील अंकात मी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या मोबाईल चार्जरची आकृती दिली होती. वसतिगृहातील मुलामुलींनी तो बनवला, आणि मंडळीतील काही तरुणांनी घरीही करून पाहिला, असे आपल्या पत्रांवरून कळले. पत्रांचा पहिला भाग कौतुकाचा होता, त्याबद्दल आभार. दुसरा भाग जवळजवळ सर्वांचा एकच होता : "चार्जर तयार झाला, मीटरवर पाच व्होल्ट येतात, पण फोन नीट चार्ज होत नाही." म्हणून या वेळचा पाठ नव्या वस्तूचा नाही, त्याच चार्जरच्या दुरुस्तीचा आहे. आणि आधीच सांगून टाकतो, की सापडलेल्या दोषांपैकी दोन मोठे दोष मुलांच्या हातचे नव्हते. ते माझ्या आकृतीतच होते.

हे कसे कळले ते सांगितल्याशिवाय पाठ सुरू करता येणार नाही.

धडगाव तालुक्यातील वसतिगृहात राहणारी नववीची एक मुलगी मे महिन्याच्या सुटीत आपण बनवलेला चार्जर घरी घेऊन गेली. तिची मावशी पाड्यावर आशा सेविका आहे. सातपुड्यातील पाडा म्हणजे एका जागी दाटीने वसलेले गाव नव्हे. एक घर या टेकडीवर तर दुसरे पलीकडच्या उतारावर. त्यामुळे आशाताईंचा फोन हा साऱ्या पाड्याचा फोन असतो. वळवाच्या वादळात खांब पडले की दिवसेंदिवस वीज नसते, आणि फोन चार्ज करायचा तर बाजाराच्या गावी उतरून दुकानदाराला पैसे मोजावे लागतात. यासाठीच तर आपण हा चार्जर करायला घेतला होता.

त्या रात्री मावशींनी फोन चार्जरला लावला. पडद्यावर बॅटरीचे चिन्ह हलू लागले, तसे घरातले सगळे निर्धास्त झोपले. पहाटे तीनच्या सुमारास पलीकडच्या उतारावरून एक माणूस धावत आला. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. मावशींनी फोन उचलला, तर तो बंद. संध्याकाळी त्यात थोडीफार बॅटरी शिल्लक होती; रात्रभर चार्जरला राहून ती शून्यावर आली होती. शेवटी एक मुलगा अंधारात धार चढून गेला आणि दुसऱ्याच्या फोनवरून १०८ ला कळवून आला. गाडी रस्त्यापर्यंत पोहोचली तेव्हा चांगलेच उजाडले होते. बाई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत.

अधीक्षिका ताईंनी मला हे फोनवर सांगितले तेव्हा ती मुलगी शेजारीच उभी होती. मी तिला काय म्हणालो? "सोल्डर कच्चे राहिले असेल, बाळ. सगळे डाग काढ आणि परत कर." तिने तीन वेळा परत केले. तिच्या सोल्डरमध्ये काहीही चूक नव्हती. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात ज्याचे सारे आयुष्य गेले, त्याने यंत्र डोळ्यांनी न पाहता निदान करावे आणि दोष शिकणाऱ्याच्या माथी मारावा, हे मला शोभले नाही. जूनमध्ये शहाद्याहून धडगावची एस.टी. धरली ती ही चूक निस्तरण्यासाठीच.

पोहोचलो तर तिने वही पुढे केली. चौथ्या वेळी सोल्डर करण्याऐवजी ती एक रात्र चार्जरजवळ बसून राहिली होती आणि जे दिसले ते लिहून ठेवले होते. तिच्या परवानगीने त्यातील ओळी देतो : "फोन लावला. ठीक. एक मिनिट झाले, ठीक. दीड मिनिट, पडदा विझला. लगेच लागला, आवाज झाला. परत विझला. परत लागला. असेच चालू." आणि खाली, जरा ओढलेल्या अक्षरात : "तीन पायांच्या काळ्या भागाला बोट लावले. भाजले."

या शेवटच्या दोन वाक्यांत सगळे निदान आले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी आपण चार्जर म्हणतो त्या पेटीत नेमके काय घडते ते पाहू.

खरे चार्जिंग करणारा भाग फोनच्या आत असतो. फोनची लिथियम बॅटरी साधारण ४.२ व्होल्टपर्यंत चढवायची, किती करंट घ्यायचा, कधी थांबायचे, हे सारे फोन ठरवतो. आपल्या पेटीचे काम एवढेच, की बारा व्होल्टच्या बॅटरीतून फोनला स्थिर पाच व्होल्ट द्यायचे. पाच म्हणजे ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान. हे काम ७८०५ नावाची तीन पायांची आयसी करते. अक्षरे आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला मायनस आणि उजवा आउटपुट. (एका वसतिगृहात ही आयसी पाठीमागून पाहून बसवली गेली, त्यामुळे डावे-उजवे उलटले. आकृतीत मी "समोरून पाहा" असे लिहिले नव्हते. आता लिहा.)

पण ही आयसी बाराचे पाच कशी करते? उरलेले व्होल्ट ती उष्णता करून टाकते. दुसरा उपाय तिच्याजवळ नाही. हिशेब करून पाहा. भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट. वाटेतील डायोडमध्ये सुमारे ०.८ जातात. उरले ११.८. त्यातील ५ फोनला, म्हणजे ६.८ व्होल्ट आयसीच्या वाट्याला. फोनने अर्धा अँपियर घेतला तर ६.८ गुणिले ०.५, म्हणजे ३.४ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्यात तयार होते. ही आयसी उघडी ठेवली तर दर वॅटमागे तिचे आतले तापमान साठ-पासष्ट अंशांनी चढते. ३.४ वॅटला दोनशे अंशांच्या वर गेले असते. पण तेवढे होऊ न देण्याची सोय बनवणाऱ्यांनी आतच ठेवली आहे. दीडशे अंशांच्या आसपास आयसी स्वतःहून आउटपुट बंद करते, जरा निवाली की पुन्हा सुरू करते.

आता वहीतील नोंद पुन्हा वाचा. थंड आयसी तापायला मिनिट-दीड मिनिट लागते. तेवढा वेळ सगळे ठीक. मग ती बंद-चालू होऊ लागते. दर वेळी फोनला वाटते, कोणी नव्याने चार्जर लावला. तो पडदा उजळतो आणि आवाज करतो. रात्रभर हे चालले की आत येते त्यापेक्षा पडद्यावर जास्त खर्च होते. माणूस मात्र पहिल्या मिनिटात हलणारे चिन्ह पाहून झोपलेला असतो.

मग माझ्या टेबलावर हा चार्जर कसा चालला? मी तो जानेवारीच्या थंडीत तपासला, माझ्या जुन्या बटणांच्या फोनवर, आणि फोनची बॅटरी बरीचशी भरलेली होती. असा फोन दीड-दोनशे मिलिअँपियरच्या वर काही मागत नाही. तेवढ्यावर आयसी नुसती गरम झाली. मी आकृतीखाली लिहिले, "उष्णता वाटल्यास पत्रा लावावा." त्या "वाटल्यास" शब्दाने घात केला. पाड्यावर स्मार्टफोन होता, मे महिना होता, आणि चार्जर पत्र्याच्या छपराखाली प्लॅस्टिकच्या बंद डब्यात होता.

तेव्हा पहिली दुरुस्ती : आयसीला हीटसिंक हवाच. दुकानात मिळतो तो पंखांचा उत्तम. आम्ही धडगावात खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीचा वीतभर तुकडा घेतला, आयसीच्या पाठीला स्क्रूने घट्ट आवळला आणि तो डब्याच्या बाहेर ठेवला. ७८०५ ची पाठ आतून मधल्या पायाला, म्हणजे मायनसला जोडलेली असते. म्हणून पट्टीला मायनस लागला तरी चालते. पण बॅटरीच्या प्लसची वायर तिला लागता कामा नये. शिवाय डायोडनंतर ४.७ ओहमचा, ५ वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर घातला. अर्ध्या अँपियरला तो २.३५ व्होल्ट स्वतःवर घेतो, म्हणजे सव्वा वॅटच्या जवळपास उष्णता आयसीऐवजी त्याच्यात जाते. आयसीकडे सव्वादोन वॅट उरतात. त्यापेक्षा मोठा रेझिस्टर घालण्याचा मोह टाळा. आयसीच्या इनपुटला किमान सात व्होल्ट तरी लागतात, आणि बॅटरी उतरत गेली की तेवढे पोहोचेनासे होतात.

एवढे केल्यावर त्याच फोनवर चार्जर तासभर न अडखळता चालला. मुलीने दर दहा मिनिटांनी टक्के लिहिले. आकडा चढत होता, पण अगदी हळू. तिनेच विचारले, "सर, वसतिगृहातल्या भिंतीवरच्या चार्जरवर याच्यापेक्षा लवकर होतो. हा इतका हळू का?"

याचे उत्तर माझ्या आकृतीतील दुसरी चूक. यूएसबीच्या सॉकेटला चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन वीज देतात : लाल वायर प्लस, काळी मायनस. मधल्या दोन, पांढरी आणि हिरवी, माहिती नेण्यासाठी आहेत. चार्जरमधून माहिती कसली जायची, म्हणून मी त्या मोकळ्या सोडल्या. परंतु फोन या दोन वायरींवरूनच ओळखतो, की आपण कशाला जोडलेलो आहोत. यूएसबीच्या चार्जिंगच्या नियमात भिंतीवरच्या चार्जरची खूण अशी ठरली आहे, की या मधल्या दोन वायरी चार्जरच्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. ती खूण सापडली की फोन मोकळेपणाने करंट घेतो. नाही सापडली, तर त्याला शंका येते की समोर एखादा संगणक असेल, जास्त ओढले तर तो बिघडेल. मग तो थोडेच घेतो. काही फोन तर मुळीच घेत नाहीत. आपल्या पत्रांतील "एका फोनवर चालतो, दुसऱ्यावर नाही" या तक्रारीचे बहुतेक कारण हेच.

उपाय अगदी सोपा : सॉकेटच्या मधल्या दोन पट्ट्यांना सोल्डरने एक बारीक तार द्या. त्या फक्त एकमेकींनाच जोडायच्या. लाल किंवा काळीला नाही. कडेच्या पट्टीला चुकून थेंब लागला नाही ना, हे मीटरने पाहूनच फोन लावा. आणि हे ध्यानात ठेवा, की यानंतर फोन जास्त करंट ओढणार, म्हणजे आयसी जास्त तापणार. हीटसिंक आधी, ही तार नंतर. काही फोन यानंतर अर्ध्या अँपियरच्या बरेच वर जातात. पट्टीला बोट टेकवता येत नसेल तर तिच्याहून दुप्पट मोठी लावा.

आता "मीटरवर पाच येतात" या वाक्याकडे वळू, कारण बहुतेकांची फसगत तेथेच झाली आहे. फोन न लावता मीटर लावला तर तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही. अशा वेळी कच्चा जोड, बारीक वायर, म्हातारी बॅटरी, सगळेच शहाण्यासारखे वागतात. वजन न ठेवता काटा बरोबर आहे म्हणण्यासारखे ते आहे. म्हणून चार्जर नेहमी भार लावून तपासावा. फोन हाच भार म्हणून वापरू नका. त्याची किंमत मोठी आहे. दहा ओहमचा, पाच वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर घ्या. पाच व्होल्टला तो बरोबर अर्धा अँपियर ओढतो. जुनी यूएसबी केबल कापून तिच्या लाल-काळ्या वायरींना तो जोडा, की झाला तुमचा खोटा फोन. त्यात अडीच वॅट उष्णता होते, तेव्हा तो लाकडी टेबलावर किंवा कागदावर ठेवू नका. कौलाच्या तुकड्यावर ठेवा.

हा खोटा फोन लावून दहा मिनिटे थांबायचे आणि मग मोजायचे. बॅटरीपासून सुरू करून फोनच्या टोकापर्यंत एकेक टप्पा मोजत या. बॅटरीवर किती, डायोडनंतर किती, आयसीच्या इनपुटला किती, आउटपुटला किती, केबलच्या शेवटी किती. जेथे आकडा अचानक घसरतो तेथे दोष. मीटरची काळी काडी बॅटरीच्या मायनसवर स्थिर ठेवून लाल काडी पुढे नेली तर प्लसच्या वाटेतील दोष दिसतो. मायनसची वाट तपासायची तर काळी काडीही हलवावी लागते, हे पुष्कळजण विसरतात. माझेही एकदा त्यात अर्धे दुपार गेले आहे. मीटर व्होल्टवरच असू द्या. लाल काडी करंटच्या भोकात राहिली आणि ती तशीच बॅटरीवर टेकवली, तर तो सरळ शॉर्ट होतो.

अशा मोजणीत आम्हाला काय काय सापडले? एका मुलाने चार्जर बॅटरीजवळ ठेवून पाच व्होल्टची बाजू घंटीच्या बारीक वायरने सहा मीटर दूर, आपल्या खाटेपर्यंत नेली होती. आउटपुटला ५.०, खाटेजवळ ४.५. जाण्याची आणि येण्याची मिळून बारा मीटर वायर, तिचा रोध सुमारे एक ओहम. अर्ध्या अँपियरला अर्धा व्होल्ट वाटेतच संपला. त्याला मी म्हणालो, वायर तीच राहू दे, फक्त चार्जर उचलून खाटेजवळ ने. लांबची वाट बारा व्होल्टला करू दे. तेथे अर्धा व्होल्ट गेला तरी आयसीला काही फरक पडत नाही, ती पाचच देणार. तो माझ्याकडे थोडा संशयाने पाहत होता. मोजल्यावर हसला.

दुसऱ्या ठिकाणी बॅटरीच संपलेली होती. यूपीएसमधून काढलेल्या सात अँपियर-तासांच्या बॅटऱ्या आपल्याला देणगीत मिळतात, त्यांतील ही एक. नुसती मोजली तर १२.५. भार लावताच दहाच्या खाली. अशा बॅटरीला चार्जर दोष देत नाही, पण रात्र निभावत नाही. भार असताना ११ च्या खाली जाणारी बॅटरी लगेच भरायला लावा. भरूनही तेच झाले तर ती बाजूला काढा. आणि केबल! सगळ्यात आधी दुसरी केबल लावून पाहायची, हे मी सर्वांत शेवटी सांगतो आहे. तीन "बिघडलेल्या" चार्जरांपैकी एकाची फक्त केबल तुटकी होती.

यापुढचा दोष मात्र शांतपणे वाचा, कारण त्यात फोन जळतो. ७८०५ चा मधला पाय हा तिचा आधार आहे. "पाच व्होल्ट" म्हणजे या पायापासून पाच. त्याचे सोल्डर कच्चे राहिले आणि तो पाय सुटला, तर आयसीला मोजायला जमीनच राहत नाही आणि आउटपुट वर चढते, इनपुटच्या जवळपास. म्हणजे पाचाऐवजी दहा-अकरा व्होल्ट थेट फोनमध्ये. वसतिगृहातील एका चार्जरमध्ये असाच जोड होता. नुसता ठेवला तर ५.०२, वायर बोटाने हलवली, की मीटर क्षणभर १०.८ वर उडी मारून परत खाली. तो चार्जर पंधरा दिवस वापरात होता. कोणाचा फोन गेला नाही ही आमची हुशारी नव्हे.

म्हणून प्रत्येक चार्जर वापरात देण्यापूर्वी मीटर आउटपुटवर ठेवून प्रत्येक वायर आणि आयसीचा प्रत्येक पाय लाकडी काडीने हलवून पाहा. आकडा जरा जरी उडाला तर तो चार्जर कोणाच्या हाती देऊ नका. शिवाय आउटपुटवर ५.६ व्होल्टचा, १ वॅटचा झेनर डायोड लावा, पट्ट्याची बाजू प्लसला. व्होल्टेज चढलेच तर तो मधे पडतो. बहुधा स्वतः जळून शॉर्ट होतो आणि फोन वाचतो. झेनर काही रुपयांत येतो. बॅटरीच्या प्लसला अगदी लागूनच दीड अँपियरचा फ्यूज घाला. सात अँपियर-तासांची बॅटरी लहान दिसते, पण शॉर्ट झाली तर वायर लालभडक करण्याइतका करंट देते, आणि आपली घरे कुडाची आहेत.

कपॅसिटरबद्दल दोन वाक्ये पुरेत. ०.३३ मायक्रोफॅरडचा इनपुटला, ०.१ चा आउटपुटला, दोन्ही आयसीच्या पायांजवळ. लांब वायरींच्या टोकाला लावले तर लावल्यासारखे नाहीत.

एका तरुण वाचकाने विचारले आहे, की बॅटरीची भानगड नको, थेट घरच्या २३० व्होल्टवरून एक कपॅसिटर आणि दोन-चार डायोड वापरून चार्जर करता येत नाही का? अशा आकृत्या हातोहात फिरतात, मीही पाहिल्या आहेत. त्यांत पाच व्होल्ट मिळतातही. पण त्या फोनमध्ये आणि विजेच्या तारेमध्ये आडपडदा काही नसतो. चार्जिंगला लावलेला फोन ओल्या हाताने कानाला लावला तर काय होईल, हे सांगायला नको. असा चार्जर मी शिकवणार नाही, आणि कोणी बनवलेला असेल तर त्याने तो आजच मोडावा. विजेच्या लाइनसाठी कंपनीचा तयार चार्जर घ्यावा. आपले काम बारा व्होल्टच्या अलीकडचे.

वाचकांतील जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. ही आयसी मुळातच उधळी आहे. १२.६ व्होल्टमधून ५ वापरले, म्हणजे शंभरातील चाळीसच फोनला पोहोचले. साठ पट्टी तापवण्यात गेले. तीन हजार मिलिअँपियर-तासांचा एक फोन पूर्ण भरायला आपल्या सात अँपियर-तासांच्या बॅटरीचा निम्मा भाग लागतो. याउलट मोटारीत सिगारेट-लायटरच्या भोकात लावतात तो चार्जर दुसऱ्या पद्धतीने चालतो. तो वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून, गुंडाळीत साठवून पाच व्होल्ट काढतो. त्यात उष्णता कमी, आणि तेवढ्याच बॅटरीवर जवळपास दुप्पट फोन होतात. मग मी तोच का नाही शिकवला? कारण त्याच्या आत काय चालते हे नववीच्या मुलाला मीटरने टप्प्याटप्प्याने दाखवता येत नाही. ७८०५ दाखवता येते, आणि चुकली तर का चुकली तेही सांगते. शिकण्यासाठी हीच बरी. पण पाड्यावर रात्रभर भरवशाने चालवायला मोटारीचा चार्जर सरस, हे मी आता मान्य करतो. आपल्यापैकी कोणाच्या जुन्या गाडीत असा चार्जर पडून असेल तर तो टाकून न देता पुढच्या खोक्यात घालावा. त्याचे टोक प्लस आणि कडेच्या स्प्रिंगा मायनस. त्यांना वायर जोडताना तो उघडावाही लागत नाही.

असा एक चार्जर आता मावशींच्या घरी आहे, फ्यूजसह. तो देण्याआधी वसतिगृहात त्याच मुलीने खोटा फोन लावून सहा तास चालवला आणि दर अर्ध्या तासाला मोजला. बारा नोंदी आहेत, ५.०६ च्या खाली एकही नाही. तिचा स्वतःचा ७८०५ चा चार्जर मात्र तिने मावशींना दिला नाही. तो वर्गात ठेवला आहे. आठवीची मुले आली की त्यांच्या हातात मीटर देते आणि दोष शोधायला सांगते. दोष ती आधीच घालून ठेवते. मागच्या आठवड्यात तिने मलाही बसवले होते. कपॅसिटर उलटीकडे लांब वायरीवर नेला होता, मला वीस मिनिटे लागली.

ज्यांच्याकडे मागील अंक आहे त्यांना एक विनंती. त्यातील आकृती काढा. ७८०५ जवळ "समोरून पाहा" असे लिहा. "वाटल्यास" हा शब्द खोडा. सॉकेटच्या मधल्या दोन पट्ट्यांमध्ये एक रेघ ओढा, आउटपुटवर झेनर काढा, बॅटरीपाशी फ्यूज काढा. आणि ज्यांनी त्या आकृतीवरून चार्जर बनवून कोणाला दिला असेल, त्यांनी तो या आठवड्यात परत मागून घ्यावा आणि मधला पाय हलवून पाहावा.